तिकिटाला लागलेली नजर

हे मी आजवर कुणापाशी बोललेलो नाही. आईपाशी बोललो असतो, पण ती त्याच्या आधीच गेली. भावापाशी — नाही, भाऊ फोनवर तब्येत विचारतो, पाऊस विचारतो आणि ठेवतो. त्यात हे कुठं बसवू? म्हणून तुम्हाला सांगतोय. तुम्ही मला ओळखत नाही, हे एक बरं आहे. ओळखीच्या माणसासमोर ऐन वेळी माझी दातखीळ बसते. तो माझा जुनाच रोग आहे आणि ही गोष्टही त्याच रोगाची आहे.

तशी गोष्ट लहान. कुणाचा जीव गेला नाही, कुणाचं घर बुडालं नाही. पोलिसांत सांगायला गेलो तर हवालदार मला चहा पाजून घरी पाठवेल. मी एका बाईला एक वाक्य बोललो — बस, एवढंच. वाक्य बोलताना मी हसलोसुद्धा होतो.

थांबा. त्या वाक्यावर यायच्या आधी थोडं मागं जावं लागेल. मी लांबवतोय असं वाटलं तर बरोबरच वाटतंय, लांबवतोय.

नागभीडला स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर माझं नेट कॅफे होतं. दोन हजारनंतरची ती वर्षं. आज पोरासोरांच्या खिशात असतं ते तेव्हा तासाच्या भाड्यानं मिळायचं. प्लायवूड ठोकून केलेल्या केबिनी, प्रत्येकीला पडदा, लोडशेडिंगसाठी कोपऱ्यात इन्व्हर्टर आणि दाराशी मी. कॉलेजची पोरं रिझल्ट बघायला यायची, डी.एड.वाली अर्ज भरायला. मग मी रेल्वेची तिकिटं काढून द्यायला लागलो, आणि हौसेनं विमानाचीही. पेंटरकडून पाटीवर विमान काढून घेतलं. त्यानं विमान कधी जवळून पाहिलेलं नव्हतं, मीही नव्हतं. ते विमान मासोळीसारखंच दिसायचं. छोट्या लाइनच्या, म्हणजे नॅरोगेजच्या गाडीतून उतरलेली पोरं जाता जाता विचारायची, भाऊ, आज ताजी आहे का? मीही म्हणायचो, सकाळीच वैनगंगेतून आणली.

आणि नेट कॅफेवाल्याला दिवसभर काय दिसतं, सांगू? पाठी. येणारा येतो, कोणतं मशीन रिकामं आहे विचारतो आणि तुमच्याकडे पाठ करून बसतो. कुणाची पाठ घामेजलेली, कुणाच्या शर्टाची शिवण उसवलेली. तोंड दिसतं ते फक्त जाताना, आणि तेव्हा ते सुट्ट्या पैशांसाठी भांडत असतं. ही गोष्ट घडली त्याच वर्षी, थोडं आधी, आई गेली. लग्न जमलं नव्हतं, जमवणारंही कुणी उरलं नव्हतं. घरी गेलं की माझ्याच ताटाचा आवाज. मी एकटा होतो — सरळच सांगतो, फार एकटा होतो. हे कारण म्हणून सांगत नाही. पुढं ते कारणासारखं दिसायला लागेल, तेव्हा माझ्यावर विश्वास ठेवू नका.

माझ्याकडे तोंड करून बसणारी एकच बाई होती. नूरबी चाची.

चाची चुड्यावाली. आमच्याकडे बांगड्यांना चुड्याच म्हणतात. मशिदीच्या मागच्या गल्लीत तिचं घर, कॅफेपासून हाकेच्या अंतरावर. नवरा तरणाताठा गेलेला, मूलबाळ नाही. डोक्यावर टोपली घेऊन गावभर फिरायची, लग्नघरी, डोहाळजेवणाला. आईच्या हातात बांगड्या तीच भरायची, त्यामुळे मी तिला लहानपणापासून पाहत आलो होतो. तिची एक पद्धत होती. बांगडी चढवताना ती हाताकडे बघायची नाही, बाईच्या तोंडाकडे बघायची. बोटं आपली हाडं दाबत दाबत काम करायची आणि डोळे तोंडावर. कपाळाला जराशी आठी पडली की बांगडी मागं घ्यायची, मोठ्या मापाची उचलायची. आई म्हणायची, नूरबीच्या हातून कधी कुणाला खरचटलं नाही.

तिची धाकटी बहीण तापानं गेली तेव्हा बहिणीची पोर, रुबीना, तिनं पदरात घेतली. वाढवली, शिकवली, लग्न करून दिलं. जावई बंगलोरला एसी दुरुस्तीच्या कामावर. ती रुबीना पहिल्यांदा पोटुशी राहिली तेव्हा सातव्या महिन्यात खालाकडे, म्हणजे या मावशीकडे, आली होती. चाचीनं तिला समोर बसवून, तोंडाकडे बघत बघत, कोपरापर्यंत हिरव्या चुड्या भरल्या. आठ-पंधरा दिवसांत पोटातलं मूल गेलं.

मग लोक बोलले. आधी रुबीनाच्या सासरचे, मग गल्लीतले. स्वतःला मूल नाही म्हणून हिची नजर लागते, म्हणाले. पुण्या-मुंबईकडे दृष्ट म्हणतात, आमच्याकडे नजर. शब्द कोणताही घ्या, आमच्या भागात तो एकदा बाईला चिकटला की सुटत नाही. डोहाळजेवणाची बोलावणी हळूहळू बंद झाली. कुणी तोंडावर काही म्हणत नव्हतं. नुसतं, आम्ही ब्रह्मपुरीहून आणल्या चुड्या, असं सांगत. चाचीनं टोपली घेऊन फिरणं कमी केलं. रस्त्यात कुणाच्या कडेवर तान्हं लेकरू दिसलं की मान वळवायची.

हे सगळं मला कसं माहीत? तिनंच सांगितलं. एका संध्याकाळी वीज गेली होती, इन्व्हर्टरही मान टाकून बसला होता, गिऱ्हाईक कुणी नाही. ती माझ्यासमोरच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसली होती.

“माही नजर खराब आहे म्हनते लोक,” ती म्हणाली. “मी नाई मानत, बेटा. पन मनात येतेच ना. लेकराच्या तोंडाकडे पाहाची भीती वाटते मले.”

मी म्हणालो, काही नसतं हो चाची असलं. हे मी म्हणालो होतो. नीट लक्षात ठेवा, मला पुढं लागणार आहे.

तर रुबीना पुन्हा पोटुशी राहिली. दिवाळीनंतरचे दिवस दिलेले. आणि पोरीनं हट्ट धरला — खाला हवी. सासूसमोर म्हणाली म्हणे, की माझ्या लेकराला पहिल्यांदा खालाच बघेल. गुडघ्यांमुळे चाचीला गाडीतला लांबचा प्रवास झेपत नव्हता. जावयानं नागपूर-बंगलोर विमानाचे पैसे पाठवले. पोरगा साधा होता. बायकोचा हट्ट त्यानं मनावर घेतला होता.

चाची पैसे रुमालात बांधून माझ्याकडे आली. काउंटरवर ठेवले आणि म्हणाली, “काढून टाक बेटा, इमानाचं तिकीट.”

मी तिला शेजारी बसवून मशीनवर दाखवलं. त्या वेबसाइटवर शोधायला सांगितलं की पडद्यावर एक इवलंसं विमान डावीकडून उजवीकडे जायचं. चाचीनं तोंडावर पदर धरला. “कुठी चाललं हे?” मी म्हणालो, बंगलोरला, तुमच्या पोरीकडे. तिला इतका आनंद झाला की तिनं मला ते परत चालवायला लावलं. मग भाव आला. तिच्या रुमालात होतं त्यापेक्षा कमीच होता. काढायचं आणि द्यायचं, एवढंच काम.

मी काढलं नाही.

म्हणालो, थांबा चाची, उद्या उतरेल.

आता हे खोटं नव्हतं, असं मी स्वतःला पुष्कळ दिवस समजावलं. विमानाचा भाव उतरतोही कधी कधी. दुसऱ्या दिवशी थोडा उतरलाही. ती आली, सोबत लाखोळीच्या डाळीचे वडे घेऊन आली. खुर्ची ओढून बसली. इवलं विमान चाललं. आईच्या तरुणपणच्या गोष्टी सांगितल्या तिनं — आईला निळ्या चुड्या आवडायच्या, हे मला ठाऊक नव्हतं. मी वडे खाल्ले. आणि म्हणालो, अजून उतरेल, उद्या बघू.

समजलं ना तुम्हाला? तिकीट काढून दिलं असतं तर ती दुसऱ्या दिवशी कशाला आली असती?

रोज संध्याकाळी ती यायची. मी दुपारपासून दाराकडे बघायचो. तिच्यासाठी खुर्ची पुसून ठेवायला लागलो. ती आली की केबिनीतल्या त्या सगळ्या पाठी मला दिसायच्याच नाहीत. रुबीनासाठी काय काय नेणार ते ती सांगायची — मेथी, घरचं तूप, जुन्या लुगड्यांची दुपटी. बाळाला बघायची भीती आता वाटत नाही का, असं मी एकदा विचारलं. ती म्हणाली, “वाटते. पन पोरगी म्हनते ना, ये. ते म्हनते तं मी जाईन.” म्हणजे बघा, किती बारीक दोरीवर ती चालून राहिली होती. आणि मी ती दोरी पाहिलेली होती.

धान कापणीला आला होता. दिवाळी तोंडावर. सुट्ट्यांत भाव चढतात हे या धंद्यातलं शेंबडं पोरही सांगेल. मलाही माहीत होतं. तरी म्हणत राहिलो, उद्या. उद्या. एक संध्याकाळ अजून. मग एक. दिवाळीच्या आत नक्की काढू, असं मनाशी ठरवलेलं — पण ठरवायला काय लागतं?

आणि एक दिवस इवलं विमान या टोकाहून त्या टोकाला गेलं आणि भाव आला तो जवळजवळ दुप्पट.

चाचीला इंग्रजी येत नव्हतं, पण आकडे कळायचे. धंद्याची बाई ती. तिनं आकडा पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. नुसतं — काऊन? का बरं? असं.

मला काय म्हणता आलं असतं? चाची, चूक माझी. चाची, मी उगीच थांबवलं. चाची, तुम्ही यावं म्हणून मी तिकीट काढत नव्हतो. यातलं कोणतंही एक. मराठीत काही शब्दांचा दुष्काळ नाही.

त्याच आठवड्यात मी पेपरच्या पुरवणीत एक लेख वाचला होता. तुम्ही इंटरनेटवर काय बघता ते वेबसाइटी लक्षात ठेवतात, म्हणे. तुमच्या मशीनमध्ये एक खुणेची चिठ्ठी ठेवून जातात, तिला कुकी म्हणतात. पुन्हा आलात की ओळखतात, हा तोच, याला जायचंच आहे, मग भाव चढवतात. खरं-खोटं तेव्हाही नक्की नव्हतं आणि आजही कुणी छातीठोकपणे सांगत नाही. लेखात वाक्य होतं: संगणक तुमच्यावर नजर ठेवून असतो.

नजर ठेवून असतो.

मी हसत हसत चाचीला म्हणालो, “चाची, तुम्ही रोज येऊन पाहता ना, ते या मशीनला कळतं. तुमची नजर लागली तिकिटाला.”

झालं. हेच ते वाक्य.

इतकी वर्षं मी हे स्वतःला असं सांगत आलो की बोलण्याच्या ओघात गेलं. पेपरातला शब्द डोक्यात होता, ‘ठेवतो’च्या जागी ‘लागली’ आलं, जीभ घसरली. छान वाटतं असं म्हणायला. पण तुम्हाला सांगायला बसलोय तर — नाही. जीभ घसरली नव्हती. मला कारण हवं होतं आणि ते असं हवं होतं की ही बाई पुढं एक शब्द विचारणार नाही. मला ठाऊक होतं, कोणत्या शब्दापुढं ती वाद घालत नाही. तिनंच मला अंधारात बसून सांगितलेलं होतं. मी तो शब्द शोधून, उचलून तिच्यावर ठेवला.

ती पडद्याकडे बघत होती, तिथून तिनं डोळे काढले आणि मांडीवरच्या हातांकडे नेले. मग उठली. वड्यांचा डबा तिथंच राहिला.

ती गेल्यावर मी काय केलं, तेही सांगतो, म्हणजे काही शिल्लक राहायला नको. मी टोकाच्या केबिनीत गेलो. त्या मशीनवर पोरं फक्त गेम खेळायची. विमानाचा भाव त्यावर कुणी कधी बघितला नव्हता. खुणेची चिठ्ठी नाही, ओळख नाही, काही नाही. तिथं शोधलं. तोच भाव. नागपूरला एक ओळखीचा होता, त्याला फोन करून त्याच्या मशीनवर बघायला लावलं. तोच भाव. वरून तो मलाच हसला, म्हणाला, दिवाळी आहे लेका, आता झोपेतून उठला का?

म्हणजे तिच्या बघण्यानं रुपयाचा फरक पडला नव्हता. हे मला त्याच संध्याकाळी कळलं. उजेड होता अजून. तिचं घर हाकेवर होतं. मी शटरला हात टाकून किती वेळ उभा राहिलो. मग आत येऊन बसलो. एक पोरगा प्रिंट मागत होता, त्याला प्रिंट दिली.

दुसऱ्या दिवशी ती आली, पण आत आली नाही. पायरीवर उभी राहिली, मशीन दिसणार नाही अशा बाजूला. चेहरा असा की रात्रभर एकच गोष्ट उलटून पालटून पाहिलेली असावी.

“बेटा, गाववाले बोलते, ते समजते मले,” ती म्हणाली. “पन त्या मशीनले कोनं सांगतलं? मी कोन आहो, काय आहो, त्याले कसं समजलं?”

यापेक्षा सरळ प्रश्न मला आयुष्यात कुणी विचारलेला नाही. आणि दार उघडंच होतं. मला फक्त म्हणायचं होतं, मशीनला काही समजत नाही, चाची, मी खोटं बोललो. पण मग तिनं विचारलं असतं, काऊन? आणि मग तो सगळा एकटेपणा, ती पुसून ठेवलेली खुर्ची, सगळं त्या पायरीवर काढून दाखवावं लागलं असतं. मला लाज वाटली. पस्तिशीचा बाप्या, चुड्यावाल्या बाईची वाट बघत बसतो — गाव काय म्हणेल? मला माझी लाज तिच्या डोळ्यांपेक्षा महाग वाटली.

मी म्हणालो, “त्याला सगळं समजतं, चाची.”

मग घाईघाईनं म्हणालो, वरचे पैसे मी घालतो, आत्ता काढतो तिकीट, तुम्ही जा. खरंच घातले असते. पण आता गोष्ट पैशाची राहिलीच नव्हती. तिनं मान हलवली.

“नको बेटा. मानसं दुश्मनीनं बोलत असन. मशीनची काय दुश्मनी? पोरीच्या लेकराले काही झालं तं मी काय करू?”

पहिल्या दिवसापासून काउंटरवर माझ्याकडेच ठेवलेला पैशांचा रुमाल मी परत दिला. गाठ तीच होती. ती गेली.

चार-सहा दिवसांनी रुबीनाचा फोन आला, कॅफेच्या नंबरवर. “दिवाकर भाऊ, खाला काऊन नाई येऊन राह्यली? गुडघ्याचं सांगते, पन खोटं सांगून राह्यली ते. तुमचं आइकते. समजवा ना तिले.” पोरगी रडत होती. पोटात एवढं मूल घेऊन रडत होती. मी काय केलं असेल? तुम्ही आता मला ओळखता. मी म्हणालो, गुडघे खरंच फार दुखतात गं तिचे, परवा तर उठताही येत नव्हतं.

दिवाळी झाली. बाळंतपण सुखरूप झालं. मुलगी. चाची साखर घेऊन कॅफेत आली — त्या वाक्यानंतर पहिल्यांदाच आत आली. पाठमोऱ्या बसलेल्या सगळ्या पोरांना उठवून उठवून तिनं तोंड गोड करायला लावलं. मला वाटलं, चला, निभावलं. आणि ती माझ्या तळहातावर साखर ठेवत म्हणाली, “पाह्य बेटा, मी नाई गेली, तं सारं बरोबर झालं.”

माझ्या खोट्याला पुरावा मिळाला होता. गावच्या दहा तोंडांनी जे होत नव्हतं ते झालं. तोवर निदान ती म्हणायची तरी, मी नाई मानत. आता मानायला लागली. तशी शांत दिसायची. भांडण संपल्यावर माणूस दिसतो तशी. मी ती साखर खाल्ली.

यानंतर ती संध्याकाळची कधी आली नाही. खुर्ची मी पुसायची सोडली. एवढ्यासाठी हे सगळं केलं होतं आणि तेच गेलं. हसू येत असेल तर हसा, मला तेव्हाही यायला हवं होतं.

रुबीना आली ती तीन-चार वर्षांनी, मुलीला घेऊन. मला बोलावणं होतं — भाऊ, जेवायलाच या, खाला तुमचं नाव काढते. गेलो. कुठल्या तोंडानं गेलो, विचारू नका. गेलो. पोर गोड होती, सगळ्या घरभर पळत होती, बंगलोरच्या हिंदीत बोलत होती. आणि चाची त्या घरात अशी वावरत होती की पोर या दारात आली की ती त्या दारात. पोर समोर आली की चाचीला चुलीकडे काम निघायचं. रुबीना बघत होती. तिला कळत होतं आणि कळत नव्हतं. एकदा तिनं माझ्याकडे पाहिलं, काही विचारावं असं. मी पाण्याचा पेला उचलला.

जेवणं झाली. पोरीनं कोपऱ्यातली टोपली पाहिली आणि चुड्या हव्या म्हणून बसली. रुबीना म्हणाली, खाला, भरून दे ना तिले, तुह्या हातानं. चाची नाही नाही म्हणाली. पोर रडायला लागली. मग चाची टोपली घेऊन भिंतीला टेकून बसली, पोरीला समोर बसवलं, सगळ्यात लहान चुड्यांचा जुडगा काढला. आणि तो इवला हात हातात घेऊन तिनं डोळे मिटले.

घट्ट मिटले. बोटं हळूहळू अंगठ्याचं हाड दाबत होती, बांगडी पुढं सरकत होती. तोंडाकडे बघून काम करायची सवय जन्माची. बघायचं नव्हतं, म्हणून प्रत्येक बांगडीला विचारत होती, “दुखता क्या, बेटा? दुखता क्या?”

पोर गप्प झाली होती. नानीच्या चेहऱ्याकडे बघत होती. मग तिनं मोकळा हात नानीच्या मिटलेल्या पापण्यांवर ठेवला आणि विचारलं, “नानी, तुमको दिखता नहीं?”

चाची म्हणाली, “नहीं बेटा. नहीं दिखता.”

मी दाराशी बसलो होतो. त्या खोलीत हे डोळे का मिटलेत ते ठाऊक असलेली दोनच माणसं होती, आणि त्यातल्या एकालाच ते खोटं आहे हे ठाऊक होतं. त्या वेळी माझी दातखीळही बसलेली नव्हती. आवाज निघाला असता. रुबीना बाहेर डोळे पुसत उभी होती. चाचीनं दोन्ही हात भरले, वरची एक जास्तीची बांगडी घातली, पोरीनं हात वाजवून दाखवले. मी उठलो, येतो म्हणालो आणि चपला घालून निघालो.

कॅफे पुढं बंद पडलं. चाची दोन पावसाळ्यांपूर्वी गेली. शेवटपर्यंत अंगणात बसून सुईत दोरा स्वतः ओवायची. शेजारच्या म्हाताऱ्या बाया आपल्या सुया तिच्याकडे घेऊन यायच्या. मातीला रुबीना आली होती. तिची मुलगी आता मोठी झाली आहे, समजूतदार झाली आहे. ती माझ्याजवळ येऊन बसली आणि म्हणाली, मामा, मैत्रिणींना मी नेहमी सांगते, माझी नानी आंधळी होती, तरी काय चुड्या भरायची.

मी म्हणालो, हो बेटा.